शेजाऱ्याची किल्ली

शटरकाका कुठल्याही दारातून आत शिरताना आधी वाकायचे. उजव्या हाताची बोटं पायरीला टेकवायची, कपाळाला लावायची आणि मगच पाऊल आत. देवळाची पायरी असो, दवाखान्याची असो, नाहीतर रक्त तपासायच्या लॅबची, काकांना सगळ्या सारख्याच. अंबरनाथ पश्चिमेला एकदा त्यांना एटीएमच्या पायरीलाही हात लावताना मी पाहिलंय. मागचा माणूस "काका, काय पडलं का?" म्हणत त्यांच्याबरोबर खाली शोधायला लागला होता. आमच्या ऑफिसात ते पहिल्यांदा आले तेव्हाही तसंच वाकून आले. आमचं ऑफिस म्हणजे अंबरनाथलाच पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्या. पायरीवर कायम पिठाचा थर. त्यामुळे काका आत आले ते कपाळावर गव्हाच्या पिठाचा टिळा घेऊनच.

"नमस्कार ताई. तुमच्या खेळात दुकान कुठे आहे?" त्यांचं पहिलं वाक्य.

मी तेव्हा भयंकर वैतागलेली होते. आम्ही चौघं मिळून मोबाइलवरचा एक ऑनलाइन खेळ चालवतो, 'झुंजवन' नावाचा. जंगलात हिंडायचं, चित्रविचित्र प्राणी पकडायचे, त्यांना खाऊपिऊ घालून मोठं करायचं आणि दुसऱ्या खेळाडूच्या प्राण्यांशी झुंजवायचं. त्या प्राण्यांना आम्ही जित्राबं म्हणतो. विंचूरेडा, कातळखेकडा, मोरघोरपड असली जित्राबं. त्यांच्या मारामारीचं सगळं कोडिंग माझ्याकडे. आई म्हणते, "भांडणं लावायचा पगार घेते ही. हिच्याइतकी लायक बाई त्यांना दुसरी मिळाली नसती." तर मी म्हटलं, "आहे ना काका दुकान. झाडाखाली. औषध मिळतं, चारा मिळतो."

"ते दुकान नाही," काका म्हणाले. "ती रेशनची रांग आहे. तिथे कोणी 'या' म्हणत नाही."

हे गृहस्थ उल्हासनगरच्या कापड बाजारात एका सिंधी शेठकडे एकतीस वर्षं काउंटरवर होते. पँटपीस, शर्टपीस, ब्लाउजपीस. रस्तारुंदीत दुकानाचा पुढचा अर्धा भाग गेला, शेठचं वय झालेलं, त्यांनी उरलेलंही विकून टाकलं. काका बदलापूरला कुळगावात घरी बसले. बसले म्हणजे काय, तर रोज सकाळी साडेनऊला इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे राहायचे आणि जायला जागा नाही हे आठवून परत आत यायचे. शेवटी सुनेने त्यांच्या मोबाइलवर आमचा खेळ टाकून दिला. झुंजीत काकांना काडीचा रस नव्हता. त्यांनी तिथे पथारी मांडली.

खरंच मांडली. खेळात एक विहीर आहे. तिचं पाणी पाजलं की जखमी जित्राब बरं होतं, म्हणून तिथे कायम गर्दी. आणि नको असलेली वस्तू जमिनीवर टाकून द्यायची सोय आम्ही ठेवलेली होती, कचरा टाकायला म्हणून. काकांनी विहिरीच्या कडेला पाच वस्तू ओळीत टाकल्या आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला लिहायला लागले, "या ताई, या दादा, बघायला पैसे लागत नाहीत." अर्ध्या लोकांनी वस्तू उचलून पोबारा केला. काकांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा पाच मांडल्या. महिन्याभरात विहिरीभोवती त्यांच्यासारख्या सात-आठ पथाऱ्या झाल्या. खेळाडूंनी चालवायची दुकानं ही आमची आयडिया असं आमचे सर, म्हणजे कंपनीचे मालक, जिथे-तिथे सांगतात. साफ खोटं. मी साक्षीदार आहे. ती आयडिया एका घरी बसलेल्या सेल्समनची, आणि तो ती घेऊन बदलापूरहून रिक्षा करून आमच्या पायरीवर आला होता.

"मला शटर करून द्या," ते म्हणाले. "पथारीवरचा माल उघड्यावर राहतो. शटर पाहिजे. वर केलं की दुकान चालू, खाली केलं की बंद. बाकी काही नको."

खेळातलं त्यांचं नावही 'शटर'च होतं. म्हणून शटरकाका. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला शेवटपर्यंत 'ताई' आणि 'तुम्ही'. एकतीस वर्षांची जिभेची सवय, जाणार कुठे!

त्यांना घड्या घालायचीही सवय होती. हाताला लागेल त्याची घडी. वर्तमानपत्र, चहाचा टॉवेल, पिशवी. मी खुर्चीवर टाकलेली ओढणी तर दहा मिनिटांत शोकेसमध्ये ठेवावी अशी होऊन मिळायची. बोलता बोलता हात चालू. मी एकदा म्हटलं, "काका, पाच मिनिटं हात स्वस्थ ठेवा बघू." तर म्हणाले, "हात थांबले की समजायचं काका आजारी आहे."

दुकानं तयार करायला आम्हाला पाच महिने लागले आणि काकांनी त्या पाच महिन्यांत माझ्या नाकी नऊ आणले. वस्तूवर किंमत लिहून ठेवायची नाही, हा त्यांचा पहिला हट्ट. गिऱ्हाइकाने आधी 'भाव?' असं बटण दाबायचं, मग दुकानदाराने सांगायचा. मी म्हटलं, "काका, जगात सगळीकडे किंमत दिसते. लोकांना वेळ नसतो." ते म्हणाले, "वेळ नाही तो गिऱ्हाईक नाही. ताई, एक लक्षात ठेवा. भाव न विचारणारा घ्यायला आलेला नसतो. तो एकतर रोजचा असतो, नाहीतर चोर असतो." ऑफिसात सगळे हसले. मीही हसले. पण बटण केलं, कारण काकांशी वाद घालण्यापेक्षा कोडिंग सोपं होतं.

मग बोहनी. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत पाठवायचं नाही. ते देईल त्या भावात माल द्यायचा. सर म्हणाले, असं केलं तर लोक सगळं फुकट उचलतील. काकांनी मान हलवली. "बोहनीला कोणी अगदी फुकट मागत नाही, सर. चारचौघांत नाव जातं." म्हणून प्रत्येक दुकानावर एक फळा लावला. त्यावर आजची बोहनी कोणी केली आणि किती कवड्या दिल्या ते दिसायचं. कवड्या हे आमच्या खेळातलं चलन. आणि गंमत म्हणजे लोक खरंच बरे वागले. उलट बोहनीला दोन कवड्या जास्त टाकून फळ्यावर मिरवणारे निघाले.

आणि तिसरी गोष्ट, शेजारी. "जेवायला गेलो तर दुकान बंद करायचं का? शेजारच्याला सांगायचं, दुकान बघ. तो स्वतःचं दुकान सोडून आपल्या गिऱ्हाइकाला माल देतो. उल्हासनगरात असंच चालतं. तिथे दुपारी शटर खाली आलं तर लोक विचारतात, कोण गेलं?" म्हणून प्रत्येक दुकानाला एक जादा किल्ली दिली. ती ज्याला विश्वासाने द्याल, तो तुमच्या गैरहजेरीत दुकान चालवू शकेल.

किल्ली आली तसा नियमही आला, तोही काकांचाच. शेजाऱ्याच्या मालाला ज्याने हात लावला, त्याचं दुकान कायमचं बंद. दुसरी संधी नाही. मी भांडले. म्हटलं, एवढं कडक कशाला, आठवडाभर बंद ठेवू. काकांनी हातातली टॉवेलची घडी टेबलावर आपटली. मी त्यांना चिडलेलं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. "एकतीस वर्षं दुसऱ्याच्या दुकानात होतो. एक रुमाल घरी नेला नाही. माल चोरला तर माल परत देता येतो ताई. किल्ली दिलेल्याने चोरला, तर बाजार उठतो."

विहिरीच्या पहिल्या ओळीतलं पहिलं दुकान काकांचं. त्या दिवशी ते ऑफिसात आले, माझ्या शेजारी बसले आणि मोबाइलच्या काचेला बोटं लावून कपाळाला लावली. मग शटर वर केलं. पाटीवर 'शटर' हे नाव बघत बराच वेळ बसून राहिले. "आयुष्यात पहिल्यांदा माझ्या नावाची पाटी," म्हणाले.

त्यांचं शेजारचं दुकान 'रानमेवा' नावाच्या मुलीचं. बारवी धरणाकडच्या एका पाड्यावर राहणारी, वीस-बावीस वर्षांची. सकाळी जंगलातून जांभळं, करवंदं तोडून बदलापूरला आणून विकायची आणि उरलेल्या वेळात आमच्या खेळात औषधी मुळ्या विकायची. पाड्यावर रेंज एका कातळावरच यायची. तिथून ती उठली की तिचं दुकान अर्थातच काकांच्या भरवशावर. दोघं एकमेकांना कधी भेटलेले नव्हते. तिच्या दुकानात समोर एक निळी मोरघोरपड असायची. तिने अंड्यापासून वाढवलेली. विकायची नव्हतीच. कोणी विकत मागू नये म्हणून भाव आभाळाला लावून ठेवलेला. काका रोज एकदा त्या घोरपडीचा भाव विचारायचे, ती रोज तोच सांगायची आणि दोघं हसायची. तसल्या निळ्या रंगाचं एक लुगडं काकांच्या शेठने शोकेसमध्ये ठेवलं होतं म्हणे. "शोकेसचा पीस विकत नाहीत," काका मला सांगायचे. "तो बघायलाच असतो. तरी भाव विचारावा. मालाला बरं वाटतं."

असं सगळं छान चाललेलं असताना तो मंगळवार उजाडला.

सकाळी दहा वाजता ऑफिसात आले तर तक्रारींचा ढीग. कोणाचं दुकान रिकामं, कोणाची अंडी गायब, कोणाचा विंचूरेडा एका कवडीत विकला गेलेला. दोनशेच्या वर दुकानं होती तेव्हा. त्यांतली तीसेक पार धुऊन नेली होती. लोक एकमेकांच्या आयाबहिणी काढत होते, कारण प्रत्येकाची किल्ली शेजाऱ्याकडे होती आणि प्रत्येकाला शेजाऱ्याचाच संशय. निम्म्यांनी आपापली शटरं खाली ओढून घेतली होती. अकराला सरांचा फोन. आवाज शांत. आमचे सर शांत बोलायला लागले की समजावं, काम तमाम.

"मी चारला पोहोचतोय. चारपर्यंत तू मला सांगायचंस, कोणाचा काय माल चोरीला गेला आणि तो परत कसा करणार. नाही जमलं तर दुकानं बंद. कायमची. कंपनीचं झाडाखालचं दुकान तेवढं राहील. आणि तुझ्याबद्दलही मग बसून बोलू."

बसून बोलू म्हणजे काय ते मला कळत होतं. खाली गिरणी धडधडत होती आणि वर माझं काळीज.

बारा वाजता मला भोक सापडलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला. काकांनी मला सांगितलं होतं, शटर वर गेल्यावरचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बोहनी. मी शब्दाला शब्द तसंच लिहून टाकलं होतं. म्हणजे शटर खाली करून पुन्हा वर केलं की पुन्हा बोहनी! ज्याच्याकडे शेजाऱ्याची किल्ली आहे त्याने शटर खाली ओढायचं, वर करायचं आणि स्वतःच पहिलं गिऱ्हाईक होऊन एका कवडीत काय हवं ते उचलायचं. पुन्हा खाली, पुन्हा वर. शटर वर गेलं की फळा कोरा व्हायचा, त्यामुळे आधीची चोरी पुसली जायची. पाच महिने आम्ही खपलो आणि हे कोणाच्याही डोक्यात आलं नाही. मला दुकानाचं काही कळत नव्हतं, आणि ज्यांना कळत होतं त्या काकांनी दिवसातून दोनदा वर जाणारं शटर जन्मात पाहिलेलं नव्हतं.

भोक बुजवणं दहा मिनिटांचं काम. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत एकच बोहनी, संपलं. पण चोरलेला माल शोधायचा कसा? आठवड्यातल्या स्वस्तातल्या बोहन्यांची यादी काढली. सव्वाशेच्या आसपास ओळी. त्यांत चोर होते तशी खरी माणसंही होती. नवा खेळाडू, जवळ चारच कवड्या, दुकानदाराने आनंदाने औषध दिलेलं, असे कितीतरी. सगळ्या उलटवल्या तर सुक्याबरोबर ओलंही जळणार. मग मला ते हसण्यावारी नेलेलं बटण आठवलं. भाव कोणी विचारला आणि कोणी विचारला नाही, ते सगळं नोंदलेलं होतं. विचारणारे सुटले. राहिल्या नव्वद ओळी. आणि काकांनी सांगून ठेवलेलंच होतं, न विचारणारा एकतर रोजचा, नाहीतर चोर. रोजचा कोण आणि चोर कोण, हे सांगू शकणारा माणूस एकच.

"काका, आत्ताच्या आत्ता या," मी फोनवर म्हटलं. सगळं भडाभडा सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "येतो."

कुळगावहून यायला त्यांना अर्धा तास लागायचा. त्या दिवशी दीड तास लागला. मी गॅलरीत चार खेपा घातल्या. अडीचला ते आले, पायरीला हात लावला, आत आले आणि खुर्चीवर बसले. शर्टाला इस्त्री नव्हती. मी टेबलावर मुद्दाम टॉवेल ठेवला होता. त्यांनी त्याला हात लावला नाही.

मी वाचत सुटले. "दुकान कातळवाल्याचं. औषधी मुळी, दोन कवड्या. नाव भुरा."

"रोजचा. त्याच्याकडे असतातच दोन. खरा."

"विंचूरेड्याचं अंडं. एक कवडी. नाव बिनधास्त."

"चोर."

"पुन्हा कातळवाला. चारा, पाच पेंढ्या, तीन कवड्या. नाव अंबरनाथची राणी."

"ती कातळवाल्याची बहीण आहे. घरातली देवघेव. खरी."

एकतीस वर्षं गिऱ्हाइकांचे चेहरे लक्षात ठेवलेला माणूस. इथे चेहरे नव्हते, नुसती नावं, तरी कोण कधी येतं, काय बघतं, काय घेतं, सगळं पाठ. एकदाही अडखळले नाहीत. पण आवाज सपाट होता आणि हात मांडीवर उताणे पडलेले. सव्वातीन वाजले. साडेतीन. सरांचा मेसेज आला, कल्याण सोडलं म्हणून. मी आणखी भरभर वाचायला लागले.

"दुकान रानमेवा. निळी मोरघोरपड. एक कवडी." मी पुढचं नाव वाचलं आणि त्या घाईतही हसले. "हे तर तुम्हीच काका. रोजचे. पुढे. दुकान..."

"मागे या ताई."

"अहो, वीस मिनिटं राहिलीत."

"भाव विचारलाय का बघा."

मी बघितलं. रोज विचारणाऱ्या माणसाने त्या दिवशी विचारला नव्हता. शुक्रवारी दुपारी शटर खाली, शटर वर, बोहनी, पुन्हा काही नाही. एकच वस्तू.

"नाही विचारलेला," मी म्हटलं.

"मग? लिहा. चोर."

मला आधी काही कळेचना. मग कळलं, आणि मी इतकी संतापले की उभीच राहिले. घोरपडीचं राहू दे. शुक्रवार! शुक्रवारी या माणसाला भोक सापडलं होतं. शनिवार, रविवार, सोमवार ते गप्प बसले. तेवढ्यात बाकीच्यांना सापडलं आणि तीस दुकानं धुतली गेली. "एक फोन करता आला नाही तुम्हाला? एक फोन! माझी नोकरी चाललीय काका! आणि मी तुम्हाला विचारतेय, चोर कोण!"

"फोन केला असता तर तुम्ही विचारलं असतं, तुम्हाला कसं कळलं."

मी धपकन खाली बसले.

"मुद्दाम नाही केलं पहिल्यांदा," ते म्हणाले. "ती जांभळं घेऊन बदलापूरला आलेली. तिचं शटर माझ्या बोटाने चुकून खाली आलं. वर केलं, तर फळा कोरा. म्हणजे बोहनी बाकी. समोर घोरपड. दुकान तिचं, शटर माझ्या हातात आणि बघायला कोणी नाही. असं एकतीस वर्षांत झालंच नव्हतं ताई. शेठची नजर कायम पाठीवर. मी समजत होतो, मी प्रामाणिक आहे. मी नुसता नजरेखाली होतो."

त्यांचे डोळे कोरडे होते. माझे नव्हते. राग तसाच होता. मी खुर्ची जवळ ओढली. "हे बघा काका. घोरपड मी गुपचूप परत करते. ही ओळ यादीतून काढते. कोणाला कळायचं नाही. सर तर बघणारही नाहीत. तुमचं दुकान राहील."

"नियम कोणी केला?"

"तुम्ही."

"तुम्ही भांडला होतात ना तेव्हा? मी ऐकलं?"

"नाही."

"मग आता कशाला ऐकू?"

उरलेल्या ओळी आम्ही दहा मिनिटांत संपवल्या. खरा, चोर, चोर, खरा. चारला पाच मिनिटं कमी असताना यादी तयार झाली. बटण दाबलं की चोरलेला माल ज्याचा त्याला परत जाणार, चोरांची दुकानं बंद होणार, त्यांच्याकडच्या किल्ल्या जाणार आणि त्यांची नावं विहिरीवरच्या पाटीवर लागणार. मी यादी पुन्हा वरून वाचायला लागले. जिन्यावर सरांचे बूट वाजले. काका म्हणाले, "दाबा ताई," आणि मी दाबलं. स्क्रीनवर विहिरीच्या पहिल्या ओळीतलं पहिलं शटर खाली आलं आणि पाटी कोरी झाली.

सरांनी यादी वाचली. एका नावापाशी थांबले, काकांकडे बघितलं, पुन्हा यादीकडे बघितलं. खालून चहा मागवला, त्यात काकांचाही सांगितला. "दुकानं राहू देत," एवढंच म्हणाले. काकांनी चहा घेतला नाही. जाताना पायरीला हात लावायला वाकले आणि तसेच हात मागे घेऊन जिना उतरून गेले. ते मला लागलं. आजही लागतं.

मग सव्वा महिना काका खेळात नाहीत, ऑफिसात नाहीत, फोनवर नाहीत. सून म्हणाली, "झोपून असतात. साडेनऊला तयारही होत नाहीत." एका रविवारी मी कुळगावला धडकले. माझा स्वभाव काही बोलावणं येण्याची वाट बघणारा नाही. काका कॉटवर भिंतीकडे तोंड करून बसले होते. मी बाजार कसा चाललाय ते सांगत होते, ते 'हं' म्हणत होते. तेवढ्यात उशाशी त्यांचा मोबाइल वाजला. सुनेनेच चालू ठेवलेला. मेसेज खेळातला होता. काकांनी वाचला. पुन्हा वाचला. मग मोबाइल माझ्याकडे दिला.

"चुकून आलाय का बघा."

रानमेवाचा होता. 'काका, भाताच्या आवणीला चाललेय. सांजपर्यंत दुकान बघा.' खाली तिच्या दुकानाची किल्ली.

"तिने विहिरीवरची पाटी वाचली नसेल," काका म्हणाले.

"पाटी वाचली नसेल? घोरपड कोणी नेली होती ते तिला पाटी लागली त्याच दिवशी कळलं काका. तिनेच मला विचारलं होतं, काका जेवतात का नीट, म्हणून."

काका उठले. मोरीत जाऊन हातपाय धुतले, तोंड धुतलं. कपाटातून इस्त्रीचा शर्ट काढून घातला. मग मोबाइल दोन्ही हातांत घेऊन काचेला बोटं टेकवली, कपाळाला लावली आणि रानमेवाचं दुकान चालवायला बसले. समोर निळी मोरघोरपड होती. मी निघाले तेव्हा त्यांनी मान वर केली नाही. एका गिऱ्हाइकाला मुळ्या दाखवत होते, आणि मांडीवरचा टॉवेल चार पदरी घडी होऊन पडला होता.

स्वतःचं दुकान त्यांना पुन्हा कधी मिळालं नाही. नियम म्हणजे नियम. मी दोनदा विषय काढला, दोनदा बोलणी खाल्ली. पण रोज साडेनऊला ते खेळात हजर असायचे, कोणाचं ना कोणाचं दुकान बघायला. काही सापडलं, काही चुकीचं दिसलं की त्याच मिनिटाला मला फोन. इतके फोन, की मी वैतागून म्हणायचे, "काका, जरा चोऱ्या होऊ द्या, मला जेवू द्या."

गेल्या दिवाळीनंतर काका गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. महिन्याभराने त्यांचा मुलगा ऑफिसात आला, वडिलांचं खातं बंद करायला. मी खातं उघडलं. जित्राब एकही नाही, कवड्या नाहीत, दुकान तर नाहीच. होत्या त्या नुसत्या किल्ल्या. अकरा.

"दुकान नव्हतं म्हणता, मग या किल्ल्या कसल्या?" मुलाने विचारलं.

मी सांगितलं, दुसऱ्यांच्या दुकानांच्या. मालकांनी त्या परत घेतल्याशिवाय खातं बंद होत नाही, तोही त्यांनीच करून घेतलेला नियम. त्याच्यासमोरच मी अकराही जणांना निरोप पाठवला. शटरकाका वारले, आपापली किल्ली परत घ्यावी. तो म्हणाला, किती दिवस लागतील? मी म्हटलं, दोन-तीन.

आता पुढची दिवाळी आली. खातं अजून उघडंच आहे. अकरांपैकी एकानेही किल्ली परत घेतलेली नाही.